सतरा सारवणं आणि अठरावं माझं

आमच्या दिगंबरवर कुणीतरी लिहायला हवं, असं मी गेली दोन वर्षं घरात म्हणतोय. परवा आमच्या सौभाग्यवती वेणूबाई म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहा की. तेवढाच घराला विसावा." घराला म्हणजे कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही; पण मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, एवढं मला कळतं. तर लिहितो.

माझं शिक्षण धायरीच्या शाळेत सातवीपर्यंत. धायरी तेव्हा गाव होतं. शाळा मारुतीच्या देवळात भरायची, आणि पावसाचा जोर वाढला की देवळात गुरं बांधायचे म्हणून आम्हाला सुट्टी. माझ्या शुद्धलेखनात जे काही कमी-जास्त असेल, ते त्या गुरांच्या नावावर टाकावं.

दिगंबर चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायचा. पाढे त्याला यायचे नाहीत, पण कुणाची गोटी धुळीत हरवली की मास्तरसुद्धा त्यालाच उठवायचे. तो डोळ्यांनी शोधायचाच नाही. मांडी घालून बसायचा, दोन्ही हातांची बोटं धुळीतून हळूहळू फिरवायचा, आणि गोटी काढून द्यायचा. चौथीनंतर त्याची शाळा सुटली. मी सातवी पास झालो, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलो आणि छत्तीस वर्षं नटबोल्ट मोजून रिटायर झालो. दिगंबर मात्र एकविसाव्या वर्षी पुरातत्त्वाच्या संस्थेकडे रोजावर गेला, मातीची घमेली वाहायला. कुठल्यातरी लांबच्या नदीकाठी जुनं गाव खणत होते, तिथे.

चार वर्षांत त्याच्या डोक्यावरचं घमेलं उतरलं आणि हातात खुरपं आलं. मग तो कधी आलाच नाही परत. म्हणजे यायचा, होळीला यायचा, पण दिवाळीनंतर पुन्हा तंबूत. भीमेच्या काठी, गोदावरीच्या काठी, तापीच्या काठी. पन्नास हंगाम. त्याच्या हाताखाली शिकून किती पोरापोरींना डॉक्टर ही पदवी लागली, त्याचा हिशेब संस्थेकडेही नसेल. लग्नं झाली की ती सगळी पाया पडायला धायरीत यायची, आणि त्याची बायको, कांताबाई, बिचारी होती तोवर सगळ्यांना पुरणपोळ्या घालायची. गावात आम्ही म्हणायचो, दिग्या खड्डे खणतो. तो कधी दुरुस्त करायचा नाही. हसायचा.

आणि मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर संस्थेची माणसं आमच्याकडेच आली! सिंहगड रस्ता ओलांडून नदीकडे उतरलं की मुठेच्या काठाला एक टेकाड आहे. आजूबाजूला आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत, पण ते टेकाड कसं कोण जाणे राहिलं. आम्ही त्याला पांढरी म्हणायचो. पिकं येतात ती काळी आणि माणसं राहून गेली ती पांढरी, हे गावात शेंबडं पोरही जाणतं. पण कोण राहून गेलं, हे कुणी विचारलं नाही. आमचे वडील तिथली माती गाडीनं आणून घराच्या धाब्यावर टाकायचे, कारण ती गळत नाही. उन्हाळ्यात आम्ही त्याच धाब्यावर झोपायचो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या भिंती डोक्यावर घेऊन, त्यांच्यावर गोधडी टाकून मी लहानाचा मोठा झालो, आणि सातवीच्या परीक्षेत 'सातवाहन कोण होते?' या प्रश्नाला मला शून्य मिळालं.

एका सकाळी मी नदीकडे फिरायला गेलो, तर पांढरीवर सुतळीनं चौकोन आखलेले, वर हिरवी जाळी ताणलेली, आणि एका चौकोनात कंबरभर खोल आमचा दिगंबर बसलेला. अनवाणी.

"दिग्या, लेका, चपला कुठं?"

"वर काढल्यात. घर हाय हे," तो म्हणाला. "कुणाच्यातरी घरात बसलोय."

मी सुतळी ओलांडून आत उडी मारणार, तेवढ्यात तो ओरडला, "थांब! सरांना विचार आधी!"

सर म्हणजे सुदर्शन सर. चाळिशीचे, कोथरूडचे, शब्द मोजून वापरणारे. मी माझी ओळख करून दिली, गावची माहिती दिली, पांढरीची माहिती दिली, वडिलांच्या धाब्याची दिली. पाऊण तास झाला. सर म्हणाले, "आपण बरंच बोलता." मी म्हटलं, "धन्यवाद." त्यांनी दिगंबरकडे पाहिलं. दिगंबर म्हणाला, "सर, हा राहू द्या माझ्याजवळ. उपयोगाचा हाय."

मला काय वाटलं असेल, सांगा! घरी गेलो आणि वेणूला म्हटलं, "पुरातत्त्ववाल्यांनी मला सल्लागार म्हणून घेतलंय."

खरी गोष्ट मला चार दिवसांनी कळली. खणताना जे सापडतं, त्याच्या पिशवीला एक चिठ्ठी बांधतात, कुठल्या थरातलं, किती खोलीवरचं वगैरे. दिगंबरनं एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि हळूच विचारलं, "काय लिहिलंय रे?" मला वाटलं, चौथी शिकलेला, वाचताना अडत असेल. मी वाचून दाखवली. दुसरी दाखवली, तिसरी दाखवली. मग तो म्हणाला, "रावश्या, कुणाला बोलू नकोस. डाव्या डोळ्यानं मला काही दिसत नाही. उजव्यात धुकं हाय. मोतीबिंदू."

"अरे मग काढून टाक की! अर्ध्या तासाचं काम. माझे दोन्ही काढले."

"काढायला गेलो तर सरांना कळणार. आधीच म्हणतायत, मामा, आता खुर्चीत बसा, वरून लक्ष ठेवा. एकदा खुर्चीत बसलो की संपलं. मला कोरी माती बघायचीय."

कोरी माती म्हणजे काय, ते त्यानं मला समजावून सांगितलं. माणसं एका जागी राहतात, घर पडतं, त्यावर दुसरं बांधतात, तेही पडतं, असे थर चढत जातात. खणत खणत खाली गेलं की शेवटी एक पिवळी माती लागते. तिच्यात खापर नाही, राख नाही, काहीच नाही. तिच्यावर कुणीतरी पहिल्यांदा येऊन बसलं. ती लागली की काम संपलं. "पन्नास वर्षं लोकांच्या गावांची कोरी माती काढली," दिगंबर म्हणाला. "आपल्या गावाची माझ्या हातानं निघाली पायजे. मग बसवा खुर्चीत, नायतर तिरडीवर."

तर मी सल्लागार नव्हतो, चष्मा होतो. मला वाईट वाटलं का? दोन मिनिटं वाटलं. मग मी स्वतःला समजावलं की चष्म्याशिवाय माणसाचं अडतं, सल्लागाराशिवाय कुणाचं अडत नाही.

पण खरं सांगतो, नुसता चष्मा होऊन गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. एकदा उत्कर्षा म्हणाली, "आजोबा, या खापऱ्या जरा धुता का? मऊ ब्रशनं, प्लीज." उत्कर्षा ही सरांची विद्यार्थिनी, पीएचडी करणारी, नागपूरकडची, फार गोड पोर. मऊ ब्रशनं धुवून काय होणार? मी घरून राख आणि काथ्या नेला आणि एका गाडग्याचे तुकडे असे घासले की तोंड दिसावं. दिगंबरनं एक तुकडा उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "रावश्या, हे चुलीवरचं भांडं होतं. दोन हजार वर्षांचं काजळ होतं याला. तेच बघायचं होतं."

दुसऱ्यांदा त्यानं मला हाड ओळखायची खूण शिकवली. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. झालं! मी आठवडाभर टेकाडावरचं जे दिसेल ते चाटत हिंडलो. एक मस्त तुकडा सापडला, जरा चिकटल्यासारखा वाटला, मी धावत आणून दिला. "सातवाहन काळातलं बोकड!" दिगंबरनं हातात घेतलं, वास घेतला. "परवाच्या रविवारचं हाय. वरच्या इमारतीतली पोरं पार्टीला आली होती." मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ चूळ भरली.

असा माझा लौकिक. आणि तरी दिगंबर मला हाकलत नव्हता, कारण चिठ्ठ्या.

पौषात त्याला जमीन लागली. जमीन म्हणजे एका खोलीची शेणामातीनं सारवलेली भुई. मी आपला बघत होतो, मला सगळी माती सारखीच. दिगंबर खुरप्याच्या मुठीनं ठोकत होता, कान लावत होता, ठोकत होता. एका जागी थांबला. खुरपं ठेवलं, बोटांनी माती बाजूला केली, आणि खालून अशी घट्ट, गुळगुळीत भुई निघाली की मला आमच्या आईचं स्वयंपाकघर आठवलं. दारात दोन दगडांचा उंबरा. कोपऱ्यात चुलीचा काळा डाग. आणि भुईवर बोटांच्या अर्धगोल रेघा! सारवताना बायका हात कसा फिरवतात, तशा. कुठल्या बाईचा हात, कुठल्या सणाचं सारवण, आणि रेघा तशाच.

एका कडेला भुई तुटलेली होती. तिथे बोट लावून दिगंबरनं थर मोजले. पापुद्र्यावर पापुद्रा. सतरा. सतरा वेळा कुणीतरी ती खोली सारवली होती. उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुदर्शन सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं आहे." कोथरूडच्या माणसानं बरं आहे म्हणणं म्हणजे आमच्याकडे ढोल वाजवणं.

माघात निरोप आला, की मोठ्या कचेरीतले साहेब पाहणीला येणार. पुढच्या हंगामाची परवानगी त्यांच्या अहवालावर. परवानगी मिळाली तर कोरी माती, नाही तर टेकाड बुजवून सगळे घरी. सरांनी सांगितलं, "भुईचे थर साहेबांना दाखवायचे आहेत, त्यातले नमुने त्यांच्यासमोर काढायचे आहेत. कुणीही आत पाय टाकायचा नाही." दिगंबर त्या दिवसांत फार बोलत नव्हता. एकदाच मला म्हणाला, "एक हंगाम मिळू दे. एकच."

आता माझी बाजू ऐका. मोठे पाहुणे येणार. बघायला घर येणार. घराची भुई दोन हजार वर्षं बिनसारवलेली, फुटकी, धुळीनं भरलेली. आमच्या गावात पाहुणा यायच्या आदल्या दिवशी भुई सारवतात, उंबऱ्याला हळदकुंकू लावतात, दोन बोटं रांगोळी ओढतात. माझ्या मित्राच्या आयुष्याचा प्रश्न, आणि साहेब येऊन बघणार काय, तर सतराव्या सारवणाचे पोपडे? मला ते बघवेना.

आजकाल धायरीत पिझ्झा अर्ध्या तासात येतो, पण शेण मिळायला मला दोन दिवस लागले. एका गोठ्यातून बादलीभर आणलं, स्कूटरच्या पुढच्या जागेत पायांमध्ये धरून. पाहणीच्या दिवशी सकाळी सहाला टेकाडावर पोचलो. पहारेकरी मला ओळखत होता, तो चहा आणायला गेला. मी चपला काढल्या (तेवढी शिस्त मला होती), आत उतरलो, आणि सारवलं. सगळी खोली सारवली. उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. रांगोळी काढली, तीही बरी आली होती. मग वर येऊन कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिलो. फार समाधान वाटलं हो! इतकं समाधान मला माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

सातला उत्कर्षा आली. कॅमेरा गळ्यात. खाली बघितलं आणि तिथेच थांबली.

"आजोबा, हे काय आहे?"

"सारवण."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझं!"

"ओ गॉड," ती खाली बसली. "सर मला मारून टाकणार. आधी तुम्हाला, मग मला."

सर आले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं. ते खड्ड्याच्या कडेला वाकले आणि म्हणाले, "रावसाहेब, आपण हे का केलंत?"

"पाहुणे येणार म्हणून."

"पाहुणे दोन हजार वर्षांपूर्वीचं घर बघायला येणार होते. आता ते आज सकाळचं बघतील. रांगोळी मात्र सुरेख आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या उशिरा पडला की काही उपयोग नाही. त्या बाईच्या बोटांच्या रेघा, ते सतरा थर, सगळ्यावर माझं शेण. उत्कर्षानं पाण्याचा फवारा आणि स्पंज काढला. "सर, ओलं आहे तोवर पुसून घेऊ."

"हात लावू नका!"

दिगंबर आला होता. त्यानं चपला काढल्या, खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि तळहात माझ्या सारवणावर ठेवला. मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"ओल्याला पाणी लावलं तर नवं-जुनं एक होईल," तो सरांना म्हणाला. मग माझ्याकडे तोंड करून, "रावश्या, सारवायच्या आधी भुईवर पाणी शिंपडलंस का?"

"पाणी?" मी म्हटलं. "कशाला?"

"वहिनींना फोन लाव. मोठ्या आवाजावर."

मी लावला. सगळ्यांच्या देखत. मी वेणूला काय झालं ते सांगितलं. मग वेणूबाई सुरू झाल्या.

"तुम्ही सारवलंत? तुम्ही? बावन्न वर्षांच्या संसारात एकदा शेणाला बोट लावलं नाही, आणि लावलं ते सरकारी भुईला?"

"अगं, स्पीकरवर आहे—"

"असू दे! ऐकू दे! माझी दोन बाळंतपणं झाली, कंबर धरलेली, तेव्हा म्हणाले होते, हे बायकांचं काम हाय!"

सर नदीकडे बघायला लागले. दिगंबरनं विचारलं, "वहिनी, पाणी न शिंपडता सारवलं तर काय होतं?"

"काय होणार? कोरड्या धुळीवर कधी सारवण बसतंय का? वाळलं की पापडासारखं सुटतंय. पहिल्या वर्षी नव्या सुना हेच करतात. सासू मग पोपडे दाखवून शेजारणींना हसवते."

"सुटतंय ना नक्की?"

"त्यांनी केलंय म्हटल्यावर नक्कीच सुटतंय, भावजी."

माझ्या अडाणीपणावर इतका विश्वास कुणी दाखवला नव्हता.

दिगंबरनं वरची हिरवी जाळी काढायला लावली. ऊन थेट खोलीत पडलं. सगळे कडेला बसून सारवण वाळायची वाट बघायला लागले. साहेब अकराला येणार होते. साडेआठ झाले. नऊ झाले. सर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी एक गोष्ट सांगून वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. उत्कर्षा म्हणाली, "आजोबा, आत्ता नको. खरंच नको."

साडेनऊला उंबऱ्यापाशी एक कड उचलली. पापड तव्यावर वळतो तशी. दिगंबरनं बांबूची पातळ कामटी घेतली, कडेखाली घातली, आणि डोळे मिटले.

मला माहीत होतं तो का मिटतोय. त्या धुक्यातून बघत राहिलं तर डोळे बोटांना फसवतात. पण बाकीच्यांना माहीत नव्हतं. उत्कर्षानं सरांकडे बघितलं, सरांनी तिला बोटानं गप्प राहायची खूण केली. दिगंबर दोन बोटं सारवणाखाली सरकवायचा, थांबायचा, पुन्हा सरकवायचा. तळहाताएवढा पोपडा अलगद सुटायचा आणि त्याखाली ती जुनी भुई, त्या जुन्या रेघा, जशाच्या तशा. पोपडा तो वर माझ्या हातात द्यायचा. मी एकेक घमेल्यात ठेवत होतो. छत्तीस वर्षं स्टोअरमध्ये इतकं जपून मी काही ठेवलं नाही.

अकराला दहा कमी असताना साहेब आले, एकटेच, डोक्याला रुमाल बांधून. तोवर सगळी खोली मोकळी झाली होती. फक्त चुलीजवळच्या कोपऱ्यात वीतभर तुकडा राहिला. तिथे माझी बादली कलंडली होती, भुई ओली झाली होती, आणि तिथे माझं सारवण घट्ट बसलं होतं. आयुष्यात एकच गोष्ट माझ्या हातून नीट झाली, ती नको तिथे.

साहेबांनी सगळं बघितलं. कडेचे सतरा थर बघितले, भिंग लावून. रेघांपाशी बराच वेळ उकिडवे बसले. मग त्या कोपऱ्याकडे बोट केलं. "हे वेगळं दिसतंय."

सर म्हणाले, "ते... त्या भागात जरा..." त्यांना खोटं बोलता येईना आणि खरं सांगवेना. मी पुढे होणार होतो, पण दिगंबर आधी बोलला.

"ते आजचं हाय, साहेब. सकाळी सहाचं. माझ्या मित्रानं पाहुणे येणार म्हणून सारवलं. बाकी काढलं, एवढं निघालं नाही. तसं लिहा वहीत. खड्ड्यात जे घडलं ते सगळं लिहायचं असतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नमस्कार केला.

"आणि लिहितायच तर," दिगंबर म्हणाला, आणि पुढे काय येणार ते मला कळलं, "हेही लिहा, सर. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. उजव्यानं निम्मं दिसतं. वर्ष झालं. चिठ्ठ्या हा वाचून देतो. मी सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, झालं. घरच्या मैदानावर गडी बाद. तोही स्वतःहून.

सुदर्शन सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "मामा, मला गेल्या वर्षीच्या माघापासून माहीत आहे. तुम्ही तेव्हा चिठ्ठी उलटी धरून 'बरोबर आहे' म्हणालात. खुर्चीत बसा म्हणत होतो, ते तुम्ही कधीतरी खड्ड्यात पडाल म्हणून. हात चालत नाहीत म्हणून नाही."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

साहेब वहीत लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पुढच्या हंगामात हे खाली असतील का?" सर म्हणाले, "मोतीबिंदू काढून आले तर. उत्कर्षा शेजारी बसेल, आणि कोरी माती लागेपर्यंत खुरपं मामांच्याच हातात." साहेब म्हणाले, "मग परवानगीला हरकत दिसत नाही." आणि चालू लागले. जाताना मला म्हणाले, "तुम्ही मात्र सुतळीच्या बाहेर."

डोळ्यांचं ऑपरेशन चैत्रात झालं. दवाखान्यात मी त्याला तीन तास धीर देत होतो. नर्सनं शेवटी विचारलं, पेशंट कोण आहे?

अहवाल छापून आला तेव्हा उत्कर्षानं मला एक पान काढून दिलं. भुईचे थर खालून वर लिहिले होते. एक ते सतरा प्राचीन. अठरावा: आधुनिक, शेण व माती, स्थानिक रहिवासी, नवशिका हात. वेणूनं ते पान देवघराशेजारी चिकटवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'नवशिका हात' एवढंच वाचून दाखवते.

त्या वर्षी मार्गशीर्षात एका दुपारी दिगंबरनं खालून हाक मारली. सगळे धावले. मी सुतळीपर्यंत धावलो. दोन पुरुष खोल खड्डा, तळाशी पिवळी माती, ओलसर, बारीक, स्वच्छ. त्यानं मूठभर उचलली, डोळ्यांजवळ नेली, मग बोटांत चुरली. नव्या डोळ्यांवर त्याचा अजून पुरता भरवसा नव्हता. मग शिडीनं वर आला आणि माझ्याजवळ, सुतळीच्या अलीकडे, येऊन बसला.

"लागली," तो म्हणाला. "याच्याखाली कुणी नाही."

मी बोलायला तोंड उघडलं.

"रावश्या, पाच मिनिटं गप बस."

मी बसलो. पाच नाही, तीन मिनिटं. पण तीही माझ्या मानानं पुष्कळ होती.